फावल्या वेळाचा हिशेब

सकाळची डहाणू-चर्चगेट लोकल. बोईसरला चढलेल्या बायकांपैकी ज्यांना बसायला जागा मिळते, त्यांच्यातल्या निम्म्या पालघर यायच्या आत डोळे मिटून घेतात. उरलेल्यांत कुणी पोथी काढतं, कुणी मोबाइल, तर कुणी मटार सोलायला घेतं. खिडकीशी बसणाऱ्या एका काकूंच्या हातात मात्र रोज क्रोशाची सुई असते. परवा कॉलेजात जाणारी एक मुलगी बराच वेळ त्यांच्या बोटांकडे बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "काकू, एवढा वेळ कशाला घालवता? आपल्या बोईसरला इतके कापडाचे कारखाने आहेत. मशीनवर दहा मिनिटांत होईल की हे!"

काकू हसल्या. म्हणाल्या, "नाही गं होत. हे कुठल्याच मशीनवर होत नाही."

मुलीला ती थट्टा वाटली. डब्यातल्या आणखी दोघी-तिघींनाही वाटली. पण काकू अगदी खरं बोलत होत्या. काही प्रयोगशाळांत तसे प्रयत्न झाले आहेत, पण कारखान्यात बसवून त्यावर खरा क्रोशा विणून घ्यावा, असं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सूत होतं, सूटिंग-शर्टिंग होतं, पडद्यांचं कापड होतं. सियाराम, डी'डेकॉर ही नावं इथल्या घराघरांत ठाऊक आहेत, कारण कुणाचे ना कुणाचे यजमान, भाऊ, दीर तिथे पाळीवर जातात. या सगळ्या यंत्रांना जे जमत नाही, ते आपल्या शेजारची बाई वीतभर सुईने करत असते. आणि त्या कामाला आपण नाव काय देतो? टाइमपास.

मला आज या एका शब्दाबद्दल तक्रार करायची आहे.

यंत्राला का जमत नाही?

मागावर उभे धागे आधीच ताणलेले असतात, त्यांतून आडवा धागा सरळ येत-जात राहतो. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी शंभर-दीडशे टाके सुईवर रांगेत उभे असतात. हे काम यंत्राला शिकवता आलं, कारण तिथे प्रत्येक धाग्याची जागा ठरलेली आहे. क्रोशात तसं नाही. एक टाका पूर्ण केल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. सुईचं नाक मागच्या ओळीत कुठे घालायचं, पुढून की मागून, एका धाग्याखालून की दोन, हे दर टाक्याला हाताने शोधायचं असतं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब एवढीच बाराखडी. पण अक्षर कुठे बसवायचं ते बोटांनी ठरवायचं.

याचा साधा अर्थ असा, की मुंबईच्या दुकानात अडीचशे-तीनशे रुपयांना टांगलेला क्रोशाचा टॉप जर खरा क्रोशाचा असेल, तर तो कुणीतरी माणसाने, बहुधा एखाद्या बाईनेच, हाताने विणलेला असतो. यंत्रावरची जाळी क्रोशासारखी दिसते, पण ती वेगळी. ओळखायचं कसं? खऱ्या क्रोशाचं काम एकाच टाक्यावर संपतं. शेवटची गाठ सोडून धागा ओढला, की ते टाक्यामागून टाका, आलं त्याच वाटेने उसवत जातं. यंत्राच्या जाळीत अनेक धागे शेजारी शेजारी चालतात. ती अशी उसवत नाही. अर्थात दुकानात कुणी उसवून दाखवणार नाही. पण उलट बाजू बघा, टाके मोजा आणि स्वस्त दिसलं म्हणून हरखून जाण्याआधी एकदा विचार करा, की यातले तास कुणाच्या खात्यावर गेले?

सुईवर एकच टाका

क्रोशे हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ छोटा आकडा. आपल्याकडे ही कला मिशनऱ्यांच्या आणि त्यांच्या शाळांच्या वाटेने आली आणि बघता बघता अगदी घरची होऊन बसली. रेडिओवर रुमाल, मग टीव्हीवर रुमाल, माठावर मण्यांच्या काठाची जाळी, देव्हाऱ्यात आसन, दारावर तोरण, बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे. मुलीच्या रुखवतात क्रोशाची एक तरी वस्तू नसेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारायच्या, "हे काय, विणकाम नाही मांडलं?" 'स्त्री'सारख्या मासिकांतले विणकामाचे नमुने जपून ठेवलेली कात्रणं आजही कित्येक घरांत पेटीच्या तळाशी सापडतील.

1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं आणि बोईसरच्या वसाहतीत देशभरातली कुटुंबं राहायला आली. मग वसाहतीच्या अंगणात बंगाली, पंजाबी, मल्याळी, मराठी बायका एकत्र बसू लागल्या. एकमेकींची भाषा धड येत नसे, पण रुमाल हातात घेऊन टाके मोजता येत. नमुना कळायला भाषेची गरज पडली नाही. आमच्या आईने तिची अननसाची नक्षी अशीच एका बंगाली शेजारणीकडून उचलली होती.

बायकांनी क्रोशालाच इतकं का जवळ केलं, याचं मला सुचलेलं उत्तर अगदी व्यवहारी आहे. त्यात सुईवर एकच टाका असतो. कुकरची शिट्टी झाली, मूल रडलं, सासऱ्यांनी हाक मारली, स्टेशन आलं, तर सुई काढून तो एक टाका जरा लांब ओढायचा आणि काम बाजूला ठेवायचं. काही निसटत नाही. दोन सुयांवरचं काम असं टाकून उठलं, की परत येईपर्यंत चार टाके गळालेले. ज्यांच्या दिवसाचा एकही तास सलग त्यांच्या हातात नव्हता, त्यांना पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांनी पुढे नेता येईल असं हे काम होतं. म्हणून त्याला 'फावल्या वेळाचं काम' म्हणणं मला पटत नाही. फावला वेळ नव्हताच. होते ते तुकडे, आणि ते तुकडे जोडून या बायकांनी पलंगपोस विणले.

आई गेल्यावर तिच्या कापडी पिशवीत एक अर्धा रुमाल सापडला. शेवटचा टाका सेफ्टी पिनेत अडकवलेला. मी तो पूर्ण करायला घेतला. सुई तिचीच, दोरा त्याच गुंड्याचा, नमुना समोर. तरी तिचं काम कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, ते आंधळ्यालाही चाचपून कळेल. तिचा हात घट्ट, माझा सैल. तो रुमाल करायला तिला किती दिवस लागले असतील, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं. घरात सगळ्यांचे तास मोजले जात होते, वडिलांची पाळी, आमच्या परीक्षा, गाड्यांच्या वेळा. तिचे तेवढे मोजायचे राहिले.

नरसापूरच्या गृहिणी

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नाही. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली, गावोगावी हजारो बायका ती विणू लागल्या, व्यापारी आणि निर्यातदार उभे राहिले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून या बायकांचा अभ्यास केला आणि 1982 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मांडणीचं सार असं : या बायका दिवसाचे कित्येक तास जगाच्या बाजारासाठी राबत होत्या, पण व्यापाऱ्यांच्या, सरकारच्या आणि त्यांच्या स्वतःच्याही लेखी त्या कामगार नव्हत्या. त्या 'गृहिणी' होत्या, रिकामा वेळ सत्कारणी लावणाऱ्या. आणि वेळ जर रिकामाच, तर त्याची मजुरी कसली? त्या एका समजुतीवर मजुरी खाली राहिली आणि धंदा वर गेला. नरसापूरच्या लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण मानांकन लेसला मिळतं. तासांचा हिशेब त्याने आपोआप होत नाही.

याच कलेची दुसरी बाजूही आहे. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि भयानक दुष्काळ पडला. त्या वेळी जोगिणींच्या मठांनी आणि काही सुशिक्षित स्त्रियांनी शेतकऱ्यांच्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स नावाच्या गावी कॅसँड्रा हँड या धर्मगुरूंच्या पत्नीने 1847 च्या सुमारास सुरू केलेलं काम आजही त्या गावाच्या नावाने ओळखलं जातं. कित्येक घरांची चूल त्या सुईवर पेटली. तिथे कुणी त्याला टाइमपास म्हटलं नसावं. सुई तीच, दोरा तोच. एका ठिकाणी ते काम मानलं गेलं, दुसऱ्या ठिकाणी सवड.

तोरणाचा भाव

आता आपल्या गावात येऊ. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी एका दुकानदाराला दारावरचं तोरण दाखवलं. नऊ पानांचं. एका पानाला दोन तास, म्हणजे अठरा तास. पट्टी विणून पानं जोडायला आणखी दोन. एकूण वीस तास. दुकानदाराने अडीचशे रुपये देऊ केले. दोरा नव्वदचा. उरले एकशे साठ. भागिले वीस. तासाला आठ रुपये. आणि ताई खूश होत्या! म्हणाल्या, "तेवढेच सुटले. नाहीतरी बसूनच असते."

मी त्या दुकानदाराला दोष देत नाही. त्याला भाव ताईंनीच सांगितला नव्हता. वीस हा आकडा आम्ही कागदावर मांडेपर्यंत ताईंनाही ठाऊक नव्हता.

याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण बघा. वारली चित्रं ही मुळात लग्नघरच्या भिंतीवर सुवासिनींनी लिहायची चित्रं. बाहेरच्या जगाला त्यांची ओळख 1970 च्या दशकात झाली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर, कापडावर आणली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. भिंतीवर होती तोवर ती 'आदिवासींची रांगोळी' होती. चित्राखाली चित्रकाराचं नाव आलं, तेव्हा भाव आला. हातकामाला नुसतं कौतुक पुरत नाही. करणाऱ्याचं नाव लागतं आणि त्याच्या वेळेची किंमत कुणीतरी ठामपणे सांगावी लागते.

यावर एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. सगळ्याचेच पैसे करायचे का? नातवाच्या टोपड्याला कसला आलाय तासाचा दर? मान्य. माझंही म्हणणं नाही, की आजीने नातवाला बिल द्यावं. पण भेटीचं मोल देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. चाळीस तासांची शाल कुणाला दिली, तर आपण त्याला आयुष्यातला एक अख्खा कामाचा आठवडा दिला, हे कळू द्या. मग ती शाल इस्त्रीखाली अंथरली जाणार नाही की फर्निचरची धूळ पुसायला निघणार नाही. फुकट आणि प्रेमाने यांत फरक आहे. तो बायकांनीच पुसून टाकला आहे.

भाव मागायचा, तर काम तसं हवं

अर्थात भाव मागायचा तर हातही पक्का हवा. हौसेने केलेलं आणि विकण्याजोगं यांत अंतर असतं, ते थोड्या सवयींनी भरून निघतं. इतक्या वर्षांत शिकलेल्या काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, नमुन्याचा चौकोन. काम सुरू करण्याआधी चार बोटं लांब-रुंद तुकडा विणून बघा, धुऊन वाळवा आणि मग मोजा. प्रत्येकीचा हात वेगळा. पुस्तकात शंभर साखळ्या लिहिल्या असतील, पण त्या लिहिणारीच्या हाताच्या. तुमचा हात सैल असेल तर टाके कमी करू नका, एक नंबर बारीक सुई घ्या. आणि सगळा दोरा एकाच वेळी, एकाच लॉटचा आणा. पांढऱ्यातही दहा पांढरे असतात. ते दुकानात दिसत नाहीत, दारावर लावल्यावर दिसतात.

दुसरी, वर्तुळ. गोल रुमालाची एक तर वाटी होते, नाहीतर झालर. यात हाताचा दोष नाही, गणिताचा आहे. खांबाचा गोल सपाट हवा असेल, तर पहिल्या फेरीत 12 खांब घ्या आणि पुढच्या दर फेरीत 12 वाढवा : 24, 36, 48. मुका खांब बुटका, म्हणून त्याच्या गोलात दर फेरीला 6 च वाढवायचे. कमी वाढवले की कडा आत वळतात आणि टोपी होते. जास्त वाढवले की फ्रिल पडते. या फ्रिलला हसू नका. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या डायना टायमिना यांनी 1997 साली मुद्दाम असे टाके वाढवत नेऊन भूमितीतलं एक वक्र प्रतल क्रोशाने विणून दाखवलं. विद्यार्थ्यांना हाताळता येईल असं ते प्रतल कागदाने नीट जमत नव्हतं, ते दोऱ्याने जमलं. आपल्या आज्यांनी फ्रॉकच्या घेराला हेच केलं होतं, फक्त त्याला भूमिती म्हटलं नव्हतं.

तिसरी, दोऱ्याची टोकं. गाठ मारून टोक कापू नका. दोन धुण्यांत गाठ सुटते आणि वीस तासांचं काम उसवतं. चांगलं वीतभर टोक ठेवा आणि बोथट सुईने ते टाक्यांच्या आतून एकदा पुढे, एकदा मागे असं फिरवा. गिऱ्हाईक जाणकार असेल तर ते आधी उलटी बाजू बघतं.

चौथी, ताणून वाळवणं. विणून झालेली वस्तू तशीच देऊ नका. धुऊन, जाड पंचावर पसरून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी हवी तशी ताणून सावलीत वाळवा. नक्षी उघडते, पानं सारखी होतात. तोरणाला साबुदाण्याची पातळ खळ छान बसते. साखरेच्या पाण्यानेही कडकपणा येतो, पण मग मुंग्या येतात. खळ घातलेली वस्तू पावसाळ्यात कपाटात बंद करून ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते, आणि कसरीला खळ फार आवडते. ठेवायची असेल तर खळ धुऊन काढून ठेवा.

आणि खास आपल्या किनारपट्टीसाठी एक. तारापूर-चिंचणीच्या खाऱ्या हवेत पोलादाची सुई गंजते आणि पांढऱ्या दोऱ्यावर तपकिरी डाग पाडते. काम झालं की सुई कोरड्या फडक्याने पुसून डबीत ठेवा, कामात खोचून ठेवू नका. डाग पडलाच, तर पांढऱ्या सुती कामावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. रंगीत दोऱ्यावर हे करू नका.

एक वही घाला

सगळ्यात महत्त्वाचं अवजार मात्र सुई नाही. दहा रुपयांची वही. क्रोशाच्या पिशवीत ती ठेवा. कामाला बसलात की वेळ लिहा, उठलात की वेळ लिहा. पाच मिनिटं असली तरी लिहा. वस्तू पूर्ण झाली की बेरीज करा. विकायची असो की द्यायची असो, त्या वस्तूबरोबर तो आकडा सांगा. "हे वीस तासांचं तोरण आहे." एवढंच वाक्य. पुढची घासाघीस मग वेगळ्या जागेवरून सुरू होते.

आज कॉलेजच्या मुली, आणि काही मुलगेसुद्धा, मोबाइलवर बघून क्रोशा शिकत आहेत. लोकरीची सूर्यफुलं, कानातली, जपानी पद्धतीच्या इवल्या बाहुल्या विणत आहेत, आणि विकतही आहेत. त्यांच्या आज्यांना जे सुचलं नाही ते या पोरांना सहज सुचतं : वस्तूवर नावाची चिठ्ठी लावायची. या मुलांना आपला घट्ट हात द्यावा आणि त्यांच्याकडून ती चिठ्ठी घ्यावी, असा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे.

त्या दिवशी लोकलमधल्या मुलीने विरार यायच्या सुमारास काकूंना पुन्हा विचारलं, "मग हे पूर्ण व्हायला किती दिवस लागतील?"

काकूंनी सुई थांबवली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "दिवस नाही गं सांगता येणार. कधी मोजले नाहीत."

या रविवारी तुमच्या घरातली क्रोशाची एखादी जुनी वस्तू बाहेर काढा. जिने विणली ती अजून हाताशी असेल, तर तिला जवळ बसवून विचारा, याला किती वेळ लागला होता. तीही बहुधा हेच उत्तर देईल. मग तिच्याबरोबर बसून टाके मोजा.